खेळाची खतावणी

पोरांच्या गेमला शिव्या घालायला मोडनिंबात परवाना लागत नाही. एरवी आमच्या गावात दोन माणसांचं एकमत होणं म्हणजे दुर्मिळ योग. बोरांचा भाव काय फुटला यावर बाजारात तीन मतं, पंढरपूरची गाडी किती उशिरा आली यावर स्टेशनात चार. पण ‘ही पोरं गेमपायी वाया चालली’ असं कुणी म्हणालं, की सूचक, अनुमोदक आणि टाळ्या एकाच दमात हजर. ज्या गावाचं नाव काढल्यावर ऐकणाऱ्याला आधी बोरं आठवतात आणि मग, जरा इकडेतिकडे बघून, कलाकेंद्रं आठवतात, त्या गावाने करमणुकीवर इतकं कडक व्हावं ही गंमतच. पण ते असो.

मी या ठरावाच्या विरोधात आहे. तशी नोंद व्हावी. गैरसमज मात्र नको. पोरांनी किती वेळ खेळावं, अभ्यासाआधी खेळावं की नंतर, हा माझा विषयच नव्हे. तो आमच्या सौ.चा विषय आहे आणि तिच्या निकालावर अपील चालत नाही. माझं भांडण एका वहीवरून आहे.

ही वही आमच्या चिरंजीवांची आणि त्यांच्या तिघा दोस्तांची. दोनशे पानी लाँगबुक. चौघांत मिळून एक जुना कॉम्प्युटर. तोही पुण्याच्या मावसभावाने नवा घेतल्यावर ‘तुम्हाला उपयोगी पडेल’ म्हणून आमच्या गळ्यात मारलेला. त्यावर ते माइनक्राफ्ट नावाचा खेळ खेळतात. हा खेळ २००९ साली स्वीडनमधून लोकांपुढे आला, २०११ मध्ये पुरा झाला, आणि २०१४ मध्ये तो करणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. अडीच अब्ज डॉलर म्हणजे किती, हे आमच्या शाखेतल्या ठेवींच्या हिशेबात सांगायला गेलो तर शून्यं कॅल्क्युलेटरच्या बाहेर सांडतात.

या खेळाची खोड अशी, की तो तुम्हाला काही सांगत नाही. तुम्हाला रिकाम्या हातांनी एका माळावर सोडून देतो. झाड तोडायचं, त्याच्या फळ्या करायच्या, फळ्यांची अवजारं करायची, रात्र पडायच्या आत घर बांधायचं. नाहीतर भुतंखेतं येऊन तुमचा निकाल लावतात. पण अवजार करायचं कसं? तीन फळ्या आडव्या ठेवा, त्यांच्या मधोमध खाली दोन काठ्या उभ्या लावा, झाली कुदळ. हे सोपं आहे, पण ते कुणीतरी आधी शोधून काढावं लागतं. कृतींचं पुस्तक खेळाच्या आत आलं ते थेट २०१७ मध्ये. तोवर जगभरच्या खेळाडूंनी एकमेकांना विचारत, चुकत, मरत, पुन्हा जन्म घेत हे सगळं गोळा केलं. संसारही असाच असतो, फक्त त्यात पुन्हा जन्म घेतल्यावर मागचं आठवत नाही.

तर आमच्या चौघांनी ही माहिती मराठीत वहीत उतरवायला घेतली. मी पहिल्यांदा ती वही उघडली ती ‘बघू, अभ्यासाच्या नावाखाली काय चाललंय’ अशा पोलिसी बुद्धीने. उघडली आणि अर्धा तास मिटलीच नाही. प्रत्येक पानावर चार रकाने. वस्तू. कृती. कुणी करून पाहिलं. तारीख. आणि पहिल्या पानावर एकच नियम, लाल शाईच्या चौकटीत: ‘स्वतः करून पाहिलेलं निळ्या पेनाने. ऐकलेलं पेन्सिलने.’

मंडळी, मी वीस वर्षं बँकेत काढली. ऑडिटर पाहिले, त्यांचे ऑडिटर पाहिले. इतका स्वच्छ नियम मला कुठल्या परिपत्रकात सापडलेला नाही. आमच्या परिपत्रकाला तीन पानं प्रस्तावना, त्यात आधीच्या सात परिपत्रकांचे संदर्भ, आणि शेवटी ‘योग्य ती दक्षता घ्यावी’. योग्य ती म्हणजे कुठली, हे शाखेने आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवायचं.

वहीतली एक नोंद सांगतो. खेळात हिरे सापडतात, त्यांना लोखंडी किंवा त्याहून भारी कुदळ लागते. लाकडी किंवा दगडी कुदळीने हिरा फोडला तर तो हाती लागत नाही, नुसता नाहीसा होतो. हिरे कुठे? पोरांनी कुठूनसं ऐकून पेन्सिलीने लिहिलं होतं: अकरावा-बारावा थर. पण खेळवाल्यांनी २०२१च्या नोव्हेंबरअखेर जमीनच खाली खोल केली, आणि आता हिऱ्यांची खरी दाटी शून्याच्या खाली एकोणसाठाव्या थराला. ते पोरांनी स्वतः खणून पाहिलं. मग जुन्या नोंदीवर एक आडवी रेघ. खाडाखोड नाही, पांढरा रंग फासणं नाही. खालचं जुनं वाचता येतं, वर निळ्या शाईत नवं, शेजारी तारीख आणि सही. लेजरमधली चूक कशी दुरुस्त करावी हे आमच्याकडे नव्या भरतीला शिकवावं लागतं, आणि तरी पहिल्या महिन्यात एखादा ब्लेडने आकडा खरवडतोच.

दुसरी नोंद शेतीची. खेळात नांगरलेल्या रानात पाण्याचा एक चौकोन ठेवला, की चहूबाजूंनी चार चार घरांपर्यंत जमीन ओली राहते. म्हणजे नऊ गुणिले नऊचं रान, मध्ये पाणी, ऐंशी रोपं. आकृतीसह. ही नोंद मी आमच्या शेजारच्या बागायतदाराला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, “आरं तिच्या! कुणाला किती पानी, कुठवर पोचनार, सगळं कागदावर? हितं कालव्याची पाळी कवा हाय ते पाटकऱ्याच्या पोटात शिरून बघावं लागतं.”

त्याला एका मिनिटात कळलं. ज्यांना कळत नाही ते आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी. गुरुजींबद्दल मला आदर आहे. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली. पण वही बघून ते म्हणाले, “अहो बँकवाले, अक्षर चांगलं आहे हो. पण लिहिलंय काय? खेळातली कुदळ! एवढ्या वेळात पाढे लिहिले असते तर?” आणि मग त्यांनी तो शब्द वापरला, ज्याने माझं डोकं फिरलं. रिकामटेकडेपणा.

आता ऐका. आम्हा वाणिज्य शाखेवाल्यांचं कुलदैवत म्हणजे लुका पाचोली. इटलीतला फ्रान्सिस्कन साधू. १४९४ साली व्हेनिसला त्याने गणिताचा एक जाडजूड ग्रंथ छापला, त्यात दुहेरी नोंदीच्या हिशेबाचं प्रकरण घातलं, आणि तेव्हापासून जगातल्या तमाम कॉमर्सच्या पोरांच्या मागे डेबिट-क्रेडिट लागलं. पण पाचोलीने ती पद्धत शोधून काढलेली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. एकाला एक युक्ती माहीत, दुसऱ्याला दुसरी. बाप मुलाला सांगे, मुनीम उमेदवाराला सांगे. पाचोलीने ते गोळा केलं, क्रम लावला, रोजचा पसारा कुठल्या वहीत लिहायचा, तिथून रोजकीर्दीत कसा आणायचा आणि रोजकीर्दीवरून खतावणी कशी करायची ते सांगितलं. बस. एवढ्यावर तो हिशेबशास्त्राचा जनक झाला. लोकांत विखुरलेलं एका जागी नीट मांडणं, हे ते काम. पोरं दुसरं काय करतायत?

आणि गुरुजींनी कान देऊन ऐकावं असं पुढे आहे. या साधूने १५००च्या सुमाराला आणखी एक वही लिहिली. हिशेबाची नव्हे, बुद्धिबळाची! शंभरावर डाव, कुठलं मोहरं कुठे ठेवायचं, मात कशी करायची, आकृत्यांसह. ही वही पाचशे वर्षं बेपत्ता होती. २००६ मध्ये इटलीतल्या गोरित्सिया गावी एका जुन्या ग्रंथसंग्रहात सापडली. हिशेबाचा जनक, धर्माचा साधू, आणि फावल्या वेळात खेळाच्या युक्त्या नोंदवतो. त्याच्या गल्लीतही कुणी गुरुजी असतीलच.

लांब इटलीला कशाला? आपल्या सोलापूरहून फार लांब नाही ते कल्याणी. तिथला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं, कसं टिकवावं, काय खावं, काय ल्यावं, आणि शेवटचे वीस अध्याय खास क्रीडेला दिलेले. राजाला राज्यकारभार सोडून वेळ मिळाला. आमच्या पोरांना भूगोल सोडून मिळाला तर आभाळ कोसळतं.

आता खो-खो घ्या. प्रत्येक गावात खेळत होते आणि प्रत्येक गावाचे नियम वेगळे. दोन गावांचा सामना म्हणजे आधी तासभर भांडण आणि मग, उजेड उरला तर, खेळ. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बसून नियम केले. हुतूतूचं तसंच. कुठे मेलेला गडी परत उठायचा, कुठे मेला तो मेला. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम ठरवून सामने भरवले. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हाती घेतला. १९३६ ते १९४९, दहा खंड. कुस्तीचे पेच, मल्लखांबाच्या उड्या, लाठीचे हात, देशी खेळ. वस्तादांच्या मनगटात आणि तालमीच्या मातीत जे होतं ते त्यांनी कागदावर आणलं. वस्ताद गेला की पेच जातो, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली, २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुषांचा व महिलांचा, दोन्ही आपणच जिंकले. त्या दिवशी गुरुजींनी गल्लीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. पण तेव्हा १९१४ सालचे ते नियम लिहिणारे रिकामटेकडे कुणाला आठवले नाहीत.

आणि जे खेळ कुणी वेळेवर लिहिले नाहीत त्यांचं काय होतं, तेही बघा. विटीदांडू. आमच्या लहानपणी मोजणी चालायची ती वकट, लेंड, मूंड, नाल, आर... पलीकडच्या गावात लेंडचं रेंड व्हायचं, आणि त्यावरूनही मारामाऱ्या. हे शब्द कुठले, म्हणून कुणी विचारलं नाही. खेळाचे शब्द, खेळासारखे वेडेवाकडे, एवढंच आम्ही धरून चाललो. आता सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या वस्तीत जा आणि एखाद्या आजीला एक-दोन-तीन मोजायला सांगा. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. चारही ओळखीचे निघाले! म्हणजे विटी हाणताना आम्ही इतकी वर्षं तेलुगूत मोजत होतो आणि आम्हाला पत्ता नाही. आता पाचवा. आम्ही म्हणत होतो आर. पण तेलुगूत काय, कानडीत काय, आरु म्हणजे सहा. पाच म्हणजे ऐदु. तो ऐदु तोंडातून तोंडात येता येता वाटेत सांडला, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांनी ‘थोरांनी सांगितलं’ म्हणून चारनंतर सहा मोजले. बँकेत नोटा मोजताना मी पाच गाळून सहा म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत मेमो हातात पडला असता.

तोंडी परंपरेचं कौतुक करणाऱ्यांना माझा हाच प्रश्न आहे. परंपरा ठीक, पण पाच कुठाय?

हे खेळापुरतं असतं तरी सोसलं असतं. तसं नाही. आमच्या शाखेत संगणक आला तसा प्रत्येक कामाला एक कोड आला. दिसायला मंत्र, चुकला तर शाप. हे सगळे मंत्र आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या खिशातल्या डायरीत. डायरी त्यांनी जपली ती अशी, की पगाराचं पाकीटही कुणी तितकं जपत नाही. कुणी विचारलं तर ते उठून येणार, आपल्या आणि पडद्याच्या मध्ये उभे राहणार, टकटक करणार आणि “झालं” म्हणून जागेवर जाणार. कसं झालं ते विचारलं, तर म्हणायचे, “तुम्ही काम झाल्याशी मतलब ठेवा.” ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, ‘त्यांची उणीव भासेल’. दुसऱ्याच दिवशी भासली. डायरी त्यांच्याबरोबर गेली होती. नोव्हेंबर महिना, हयातीचे दाखले द्यायला पेन्शनरांची रांग. एका म्हातारबाबांचं पेन्शन मध्येच अडकलेलं, ते सोडवायचा मंत्र डायरीत. म्हातारबाबा तीन दिवस येत राहिले, स्वतः जिवंत असल्याचा पुरावा म्हणून स्वतःलाच घेऊन. चौथ्या दिवशी दुसऱ्या शाखेतल्या एका मुलीने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. दोन वाक्यं! ती वहीत असती तर एक म्हातारा माणूस तीन दिवस उन्हातून आला नसता.

ज्ञान झाकून ठेवण्यातला हा जो मोठेपणा आहे ना, त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. तलाठ्याकडे आहे, दवाखान्याच्या खिडकीवर आहे, सोसायटीच्या सचिवाकडे आहे. ‘मला विचारल्याशिवाय होणार नाही’ हा ज्याच्या आयुष्याचा सगळा पगार, तो माणूस दोनशे पानी वहीला भिणारच.

बरं, आता झाकून ठेवणाऱ्यांची नवी जात निघाली आहे. ती झाकते ते उघडं करण्याचा आव आणून. या खेळाचे व्हिडिओ पाहिलेत? हिरा कुठे सापडतो, एवढंच हवं असतं. उत्तर अर्ध्या ओळीचं. पण व्हिडिओ बारा मिनिटांचा. पहिली दोन मिनिटं नमस्कार, मग मागच्या व्हिडिओला प्रेम दिल्याबद्दल आभार, मग घंटा दाबा, मग एका तेलाची जाहिरात, मग स्वतःची हकिगत, आणि दहाव्या मिनिटाला तो सांगतो, की हे पुढच्या भागात बघू. आमच्या चौघांनी असले चाळीस व्हिडिओ बघून त्यातून दीड पान काढलं. उसाच्या चोयट्यांतून रस काढायचा तो असा.

आणि व्हॉट्सॲप? ती तर नुसती रोजकीर्द. सकाळपासून रात्रीपर्यंत जे आलं ते ओळीने पडत जातं. त्यात कामाचं पुष्कळ असतं. डाळिंबावरच्या तेल्याला काय फवारलं, कुठल्या कार्यालयात कुठला कागद लागतो. पण खतावणी कुणी करत नाही. दुसऱ्या दिवशी कुणी तोच प्रश्न विचारला की त्याला सुप्रभातीचं फूल मिळतं. वर्षभराने बघावं तर तोच प्रश्न, तेच फूल.

आणि तिथे पेन्सिल नाही, हे जास्त वाईट. सगळंच निळ्या शाईत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच माणसं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असा मजकूर मोबाईलवरून फिरत होता, एवढाच पुरावा. ती पाच माणसं भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. मोडनिंबपासून मंगळवेढा काही परदेश नाही. त्या मजकुराला ‘कुणी पाहिलं’ आणि ‘तारीख’ असे दोन रकाने असते, आणि ते रिकामे आहेत हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरलं असतं, तर... तेरा-चौदा वर्षांची चार पोरं न सांगता ते दोन रकाने आखतात, याची किंमत मला म्हणून वाटते. गुरुजींना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते खरं. पण विषय तरी चांगला निवडायचा.”

विषयाचं सांगतो. पोरांना तुम्ही खतांच्या मात्रांची वही करायला सांगितली असती तर त्यांनी तिसऱ्या पानावर क्रिकेटचा स्कोअर लिहिला असता. माणूस नीट लिहितो ते ज्यात त्याचा जीव अडकलेला असतो त्याविषयी. पाचोलीचा बुद्धिबळात अडकला होता, मुजुमदारांचा तालमीत. पद्धत अंगात मुरली की ती विषय बदलायला मोकळी असते. आमच्या चिरंजीवांनी परवा आईच्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि त्यातल्या दोन पेन्सिलीने लिहिल्या. ओवा आणि जिरं. तिला राग आला, पण दोन्ही डब्यांत खरंच मिसळ निघाली.

राहिला मुद्दा मराठीचा. मराठी मरते आहे म्हणून गुरुजी दर सत्तावीस फेब्रुवारीला भाषण करतात. मी नेमाने ऐकतो. या खेळाचा एक मोठा कोश खेळाडूंनी २००९ पासून मिळून लिहिला आहे, इंग्रजीत. फार मोलाचं काम. ज्यांच्या जागेत तो होता तिथे जाहिरातींचा सुळसुळाट झाला, तर २०२३ मध्ये या मंडळींनी सगळं लिखाण उचललं आणि दुसरीकडे बिऱ्हाड केलं. भाडेकरूने घर सोडताना भिंतीही नेल्या म्हणा ना! पण मोडनिंबच्या पोराला इंग्रजीतून कोश वाचायचा म्हणजे शब्दागणिक ठेच. म्हणून ही वही. आणि त्यासाठी त्यांना शब्द लागले. भट्टी मिळाली, फळी मिळाली, ऐरण मिळाली. हिरवं, गुपचूप मागून येऊन फुटणारं एक भूत आहे, त्याला ‘फटाकडा’ म्हणायचं ठरलं. ते मांजराला भितं, हे निळ्या शाईत आहे. कुदळीवर मात अडलं. कुदळ म्हणायचं का टिकाव? दोन दिवस तंटा. शेवटी चौघे वहीतलं चित्र घेऊन आमच्या इथल्या लोहाराकडे गेले. लोहाराने भाता थांबवला, चित्र उलटंसुलटं करून पाहिलं, कोपऱ्यातली दोन्ही अवजारं काढून दाखवली आणि निकाल दिला. वहीत ‘कुदळ’ झालं, आणि ‘कुणी पाहिलं’ या रकान्यात लोहाराचा अंगठ्याएवढा काळा डाग आहे. मराठीसाठी भाषण करणाऱ्या किती जणांनी एका शब्दासाठी लोहाराचा उंबरा झिजवला आहे, ते मला कळवावं.

या सगळ्यावर माझी मागणी एकच, आणि ती फार मोठी नाही. वहीची एक झेरॉक्स, नीट शिवून, गावच्या वाचनालयात ठेवावी. पोरांसाठी, पुढच्या पोरांसाठी. शिवण्याचा खर्च माझा. मी तसा अर्ज दिला. चिटणीसांनी तो उलटून पाहिला, कारण आमच्याकडे अर्जाच्या मागेही काहीतरी असेल अशी आशा असते, आणि म्हणाले, “खेळाच्या वहीला दाखल-नोंदीत वर्ग कुठला द्यायचा?”

मी म्हटलं, द्यायला ड्युईसाहेबांचा आहे. अमेरिकेतल्या या गृहस्थाने १८७६ साली जगातल्या सगळ्या ज्ञानाला आकडे दिले, अर्धं जग त्यावर ग्रंथालयं चालवतं. घरात बसून खेळायच्या कौशल्याच्या खेळांना ७९४. त्यात बुद्धिबळाला ७९४.१ आणि संगणकावरच्या खेळांना चक्क ७९४.८. पाचोलीची वही आणि आमच्या पोरांची वही एकाच फळीवर.

चिटणीस म्हणाले, “पण साहेब, उद्या हा खेळच बंद पडला तर? २०२० मध्ये सरकारने पबजी बंद केला, २०२२ मध्ये फ्री फायर बंद केला.”

मी म्हटलं, पेशवाई १८१८ मध्ये बंद पडली. तुमच्याकडे तिच्यावर दोन कपाटं आहेत.

पाचोलीची ही हकिगत मी पोरांनाही सांगितली, अगदी रंगवून. त्यांनी ती लगेच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवली. पेन्सिलीने. ‘कुणी पाहिलं’ या रकान्यात ‘काका म्हणतात’.

अर्ज आता कार्यकारिणीपुढे आहे. बैठक येत्या रविवारी, सकाळी दहा वाजता. गुरुजी सल्लागार म्हणून येणार, चिटणीस नियमावली घेऊन येणार, मी वही आणि ड्युईचा आकडा लिहिलेली चिठ्ठी घेऊन जाणार. बागायतदार शेजारी म्हणाला, “मी बी येतो, त्ये पान्याचं पान काढून ठेवा.” लोहाराला निरोप दिला आहे. चहा वाचनालयाकडून, बिस्किटं आपापली.